बोगस जर्नलांवर लेख लिहून एक तरी बोगस जर्नल बंद पडतं का?

वाचकाचं पत्र: बडोद्यात ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी. करते आहे. विषय आहे, प्रिडेटरी, म्हणजे पैसे घेऊन धड तपासणी न करता लेख छापणाऱ्या बोगस प्रकाशनांवर झालेल्या संशोधनाचा परिणाम. स्कोपस (संशोधन-लेखांचा वर्गणीवर चालणारा डेटाबेस) आणि गुगल स्कॉलर मिळून अठराशेच्या आसपास लेखांच्या नोंदी जमवल्या. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून साइटेशन, म्हणजे इतर लेखांनी दिलेले संदर्भ मोजले, देशवार तक्ते केले, व्हीओएसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरवर लेखांच्या परस्परसंबंधांचे रंगीत नकाशेही काढले. गेल्या आरएसीत (संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत) एका सरांनी एवढंच विचारलं, ‘या सगळ्या लेखांमुळे एक तरी बोगस जर्नल बंद पडलं का?’ मला उत्तर देता आलं नाही. शिवाय माझ्या यादीतल्या लेखांना खुद्द बोगस जर्नलांतूनही साइटेशन मिळालेली दिसतात. ती धरायची की वगळायची? बातम्यांत, धोरणपत्रांत लेखांचे उल्लेख शोधून देणाऱ्या ऑल्टमेट्रिक किंवा ओव्हरटनचं वर्गणी-खातं घेणं परवडणारं नाही. पुढची आरएसी सहा महिन्यांनी आहे.
एक संशोधक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदा

नमस्कार,

सरांचा प्रश्न खोचक वाटला असेल, पण तो नेमका आहे. साइटेशनवरून एका संशोधकाने दुसऱ्याचं नाव घेतलं इतकंच कळतं. बोगस जर्नलांचा धंदा ज्यांच्या हातून वाढतो किंवा अडतो ती माणसं वेगळीच असतात. यूजीसीत (विद्यापीठ अनुदान आयोगात) २०२५ पर्यंत मान्य जर्नलांची यादी ठरवणारी समिती, बढतीच्या फायली तपासणारे, ग्रंथपाल, आणि प्रबंध द्यायची तारीख जवळ आली म्हणून पैसे भरून लेख छापून घेणारा विद्यार्थी. यांच्यापैकी कुणीही निर्णयाखाली तळटीप देत नाही. तेव्हा लेखावरून निघून साइटेशनच्या मागे धावू नका. एखादा निर्णय घ्या आणि तिथून उलट पावलांनी लेखापर्यंत या. आतापर्यंतचं काम वाया जात नाही, पण त्याचं एक प्रकरण होईल, प्रबंध नाही.

आधी एक गल्लत सोडवून घ्या, कारण आरएसीत ती हमखास होते. बोगस जर्नलांत छापलेल्या लेखांचा प्रभाव किती, हा एक प्रश्न. बोगस जर्नलांविषयी केलेल्या संशोधनाने काय बदललं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी हाती आहे. ब्यॉर्क आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये, २०१४ साली अशा जर्नलांत आलेल्या २५० लेखांची पाच वर्षांची साइटेशन पाहिली. सरासरी २.६ निघाली आणि ५६ टक्के लेखांना एकही साइटेशन नव्हतं. तुलनेला स्कोपसमधल्या जर्नलांतले १,००० लेख घेतले होते, त्यांची सरासरी १८.१ आणि साइटेशन नसलेले फक्त ९ टक्के. हा अभ्यास तुमच्या यादीत एक नोंद म्हणून येईल. त्यातले आकडे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नाहीत.

आता अठराशेचा ढीग. ‘प्रिडेटरी’ या एका शब्दावर शोध घेतला असेल तर त्यात वाघ-हरणांचं परिसंस्थाशास्त्र, सावकारी कर्जं आणि किंमतयुद्धं हे सगळं आलेलं असणार. स्कोपसमध्ये दोन शब्दांमधलं कमाल अंतर ठरवता येतं. ‘प्रिडेटरी’पासून तीन शब्दांच्या आत जर्नल, पब्लिशर, पब्लिशिंग, ओपन अ‍ॅक्सेस किंवा कॉन्फरन्स असलं पाहिजे अशी अट घाला. उलट बाजूने सुटलेलेही पुष्कळ असतील. डिसेप्टिव्ह, क्वेश्चनेबल, स्यूडो, हायजॅक्ड, ‘बील्स लिस्ट’ हे शब्द जोडा. पुरेसं सापडलं की नाही हे तपासायला एक सोपी चाचणी आहे. या विषयातले तुम्हाला पक्के माहीत असलेले ३० लेख आधी कागदावर लिहून काढा आणि तुमच्या शोधात त्यांतले किती येतात ते मोजा. २७ पेक्षा कमी आले तर शोधशब्द अपुरे आहेत. गुगल स्कॉलरमधून ‘पब्लिश ऑर पेरिश’ या सॉफ्टवेअरने नोंदी काढत असाल तर एका शोधाला १,००० च्या वर नोंदी मिळत नाहीत, म्हणून वर्षावर्षाने शोधा.

दुबार नोंदी काढताना शीर्षकावर विसंबू नका. माखाचेक आणि श्रोलेत्स यांचा स्कोपसमधल्या प्रिडेटरी प्रकाशनांवरचा लेख २०२१ मध्ये सायंटोमेट्रिक्समध्ये आला, त्याच वर्षी मागे घेतला गेला आणि २०२२ मध्ये क्वांटिटेटिव्ह सायन्स स्टडीजमध्ये त्याच शीर्षकाने पुन्हा छापला गेला. सॉफ्टवेअर या दोन नोंदींची एक करून टाकेल आणि मागे घेतलेल्या लेखाची साइटेशन नव्याच्या खात्यावर जमा होतील. डीओआयने, म्हणजे प्रत्येक लेखाला मिळणाऱ्या कायमच्या ओळख-क्रमांकाने जुळवा. असे लेख हातानेच बघावे लागतात.

यादी साफ करताना दुसरा प्रश्न समोर येईल. या विषयातलं सगळ्यात गाजलेलं लेखन रूढ अर्थाने संशोधन नव्हतंच. जेफ्री बील हे डेन्व्हरचे ग्रंथपाल, आणि संशयास्पद प्रकाशकांची त्यांची यादी (बील्स लिस्ट) एका ब्लॉगवर होती. जानेवारी २०१७ मध्ये ती उतरवली गेली. पत्रकार जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये मुद्दाम चुका पेरलेला बनावट लेख ३०४ ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांकडे पाठवला आणि १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. या प्रयोगाचा वृत्तांत सायन्स या जर्नलमध्ये आला खरा, पण पत्रकारी शोध म्हणून. वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलांकडे बनावट लेख पाठवलाच नव्हता, ही त्यावरची रास्त टीका. ही दोन्ही नावं वगळलीत तर परिणामाची गोष्ट अर्धी राहील. घेतलीत तर ‘शैक्षणिक संशोधन’ ही व्याख्या रुंदावते. आमचा कौल घेण्याकडे आहे, पण प्रकार नोंदवणारा वेगळा रकाना ठेवा: मूळ आकडेवारीचा अभ्यास, परीक्षण लेख, संपादकीय किंवा पत्र, पत्रकारी शोध, ब्लॉग. या विषयात संपादकीयं आणि पत्रं खूप आहेत. त्यांना मूळ अभ्यासांबरोबर एकाच सरासरीत बसवलं तर सरासरीला काही अर्थ उरत नाही. बील यांच्या ब्लॉगला स्वतःची स्कोपस नोंद नाही, म्हणून त्याची साइटेशन इतर लेखांच्या संदर्भसूचीतूनच काढावी लागतील, तीही नाव आणि पत्ता दहा प्रकारे लिहिलेला असताना.

साइटेशन मोजायचीच तर पाच वर्षांची ठराविक मुदत ठेवा आणि सरासरीऐवजी मध्यक द्या. लेखाची तुलना त्याच वर्षाच्या, त्याच विद्याशाखेच्या लेखांशी करा. वैद्यकातल्या लेखाला ग्रंथालयशास्त्रातल्या लेखापेक्षा एरवीही जास्त साइटेशन मिळतात आणि हा विषय दोन्हीकडे विखुरलेला आहे. स्कोपसबाहेरच्या पडताळणीला ओपनअ‍ॅलेक्स हा डेटाबेस मोफत आहे. एवढं पुरे. नकाशांवर अजून वेळ घालवू नका, समितीला त्यातून काही कळत नाही.

साइटेशनमधून खरं काही काढायचं असेल तर ती कुठल्या वाक्यात आली आहेत ते वाचा. शेन आणि ब्यॉर्क यांचा २०१५ चा लेख घ्या. अशा जर्नलांतले लेख २०१० मध्ये ५३,००० होते ते २०१४ मध्ये ४,२०,००० झाले, चालू जर्नलं सुमारे ८,०००, सरासरी शुल्क १७८ डॉलर, हे त्यांचे अंदाज. पुढचे कित्येक लेखक प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात हाच आकडा टाकून मोकळे होतात. त्या अंदाजावर आक्षेप घेतले गेले आहेत याची नोंदही बहुधा नसते. अशी हजेरीपुरती साइटेशन एकीकडे, आणि पद्धत वापरणारी, आकडे तपासणारी, विरोध करणारी दुसरीकडे, असे चार-पाच वर्ग करा. सगळी साइटेशन वाचायची गरज नाही. २,००० साइटेशन असतील तर ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चुकीच्या हिशेबाने साधारण ३२२ चा यादृच्छिक नमुना पुरतो. पहिली ५० दोघांनी स्वतंत्रपणे वर्गात घालावीत आणि कोहेनचा कप्पा, म्हणजे दोघांचं कितपत जुळलं हे सांगणारा आकडा, काढावा. तो ०.६ च्या खाली आला तर वर्गांच्या व्याख्या संदिग्ध आहेत. त्या सुधारून पुन्हा ५० करा, जुन्याच ५० वर भांडत बसू नका.

बोगस जर्नलांतून आलेली साइटेशन वगळू नका आणि मिसळूही नका. आयएसएसएनवरून (जर्नलच्या ओळख-क्रमांकावरून) ओळखून वेगळ्या रकान्यात ठेवा, एकूण आकडा त्यांच्यासकट आणि त्यांच्याशिवाय असा दोनदा द्या. दोन आकड्यांतलं अंतर हाच एक निष्कर्ष आहे. गुगल स्कॉलरमध्ये ते मोठं दिसेल, स्कोपसमध्ये त्याहून लहान. त्यांतली थोडी वाक्यं वाचूनही पाहा. बोगस जर्नलांपासून सावध राहा असं बोगस जर्नलात छापून आलेलं असतं, आणि ते कुणी न वाचताच छापलं हे त्यातून आपसूक कळतं.

आता मुख्य काम. निर्णयाकडून लेखाकडे येताना पुराव्याच्या तीन पायऱ्या मानाव्यात. सगळ्यात भक्कम म्हणजे निर्णयाच्या कागदातच त्या संशोधनाचं नाव असणं. मधली म्हणजे संशोधन करणारी व्यक्ती निर्णय घेणाऱ्या मंडळात असणं किंवा तिला सल्ल्याला बोलावलेलं असणं. सगळ्यात कच्ची म्हणजे नुसता कालक्रम, आधी लेख आला आणि मग निर्णय झाला. बहुतेक प्रबंध तिसऱ्या पायरीवर उभे राहून पहिलीची भाषा बोलतात आणि तोंडी परीक्षेत तिथेच सापडतात.

पहिल्या पायरीचं उदाहरण बोहॅनन यांचंच. तो बनावट लेख स्वीकारला म्हणून ओपन अ‍ॅक्सेस प्रकाशकांच्या ओएएसपीए या संघटनेने दोन प्रकाशकांचं सदस्यत्व २०१३ मध्येच रद्द केलं आणि एका मोठ्या प्रकाशकाला देखरेखीखाली ठेवलं, आणि कारण उघडपणे सांगितलं. इथे शंकेला जागा नाही. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये खटला भरला आणि मार्च २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरहून जास्त रकमेचा निकाल लागला. त्या खटल्याचे कागद सार्वजनिक आहेत. त्यांत कोणत्या अभ्यासाचा पुरावा म्हणून आधार घेतला आहे ते ओळ न् ओळ वाचून नोंदवा. बातम्यांवरून लिहू नका.

तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं प्रकरण आपल्याकडचंच आहे. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशीने आत आलेली जर्नलं तपासली. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये नसलेल्या १,००९ जर्नलांपैकी ८८ टक्के निकृष्ट दर्जाची असू शकतात असं त्यांना आढळलं. लेख मार्च २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये आला. मे २०१८ च्या सुरुवातीला यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. जून २०१९ पासून जुन्या यादीच्या जागी केअर ही मान्य जर्नलांची नवी यादी लागू झाली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात चालत होतं आणि हा अभ्यासही त्याच विद्यापीठातला. पटवर्धन २०१८ मध्येच यूजीसीचे उपाध्यक्ष झाले होते. म्हणजे दुसरी पायरी पक्की. पण पहिली मिळते का? काढून टाकण्याच्या सूचनेत निकृष्ट दर्जा, अपुरी किंवा चुकीची माहिती, खोटे दावे अशी कारणं दिली आहेत. वर्तमानपत्रांतून आणि प्राध्यापकांकडून तक्रारीही येत होत्या. तेव्हा ‘या लेखामुळे ४,३०५ जर्नलं गेली’ असं लिहिणं धाडसाचं ठरेल. ‘या लेखाचा वाटा होता’ हे लिहिता येईल, आणि तो वाटा किती हे कागद मिळाल्यावरच.

ओव्हरटन परवडत नाही याची खंत नको. अशी साधनं धोरणपत्रांतले संदर्भ शोधतात आणि आपल्याकडच्या सूचनापत्रांत संदर्भच नसतात. बरीचशी स्कॅन केलेली पानं असतात. विकत घेतलं असतं तरी भारताच्या रकान्यात फारसं काही दिसलं नसतं, आणि ते पाहून परिणाम झालाच नाही असा चुकीचा निष्कर्ष तुम्ही काढला असता.

निर्णय झाला, पण माणसांच्या वागण्यात फरक पडला का? त्याचा माग काढायला शोधगंगा हे पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन भांडार हाताशी आहे. ते चालवणारं इन्फ्लिबनेट केंद्र गांधीनगरला असलं तरी त्यासाठी तिकडे जायला नको, सगळं घरबसल्या उघडतं. यूजीसीच्या २००९ आणि २०१६ च्या नियमांत प्रबंधाआधी लेख छापणं सक्तीचं होतं. त्यामुळे त्या काळातल्या अनेक प्रबंधांच्या परिशिष्टांत छापील लेखाची प्रत जोडलेली सापडते. प्रबंधाची संदर्भसूची घेऊ नका, ती मागच्या दहा वर्षांची असते आणि बदल उशिरा दाखवते. परिशिष्टातला लेख घ्या, तो त्या विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या जर्नलात असतो. वाणिज्य आणि शिक्षणशास्त्र असे दोन विभाग, २०१४ ते २०२२ चे दीडशे प्रबंध, एवढं एका माणसाला तीन महिन्यांत झेपतं. जर्नलचं नाव, आयएसएसएन आणि लेखाचा महिना नोंदवा आणि काढून टाकलेल्या ४,३०५ च्या यादीशी आयएसएसएनने जुळवा. नावाने जुळवलंत तर ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ’ने सुरू होणाऱ्या नावांत घोटाळा होणारच. अपहृत जर्नलांत आयएसएसएन खरा आणि संकेतस्थळ खोटं असतं, म्हणून लेखावर छापलेला संकेतस्थळाचा पत्ताही लिहून ठेवा. शोधगंगावर परिशिष्टाची फाइल बहुधा वेगळी असते, आणि ती स्कॅन असली तर शब्दशोध चालत नाही, डोळ्यांनीच वाचावं लागतं.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. काढलेलं जर्नल म्हणजे बोगस जर्नल असं समीकरण मांडू नका. काही जर्नलं निव्वळ माहिती अपुरी म्हणून गेली, आणि जी मुळात मान्य यादीत कधी नव्हती ती ४,३०५ मध्ये येणारच नाहीत. तेव्हा चलाचं नाव ‘काढलेलं जर्नल’ असंच ठेवा आणि शेजारी स्वतःची तपासणी द्या. त्यासाठी २०१९ मध्ये नेचरमध्ये आलेली, १० देशांतल्या ४३ जणांनी मिळून ठरवलेली व्याख्या वापरा: खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती, संपादनाच्या चांगल्या पद्धतींपासून फारकत, पारदर्शकतेचा अभाव, पिच्छा पुरवून लेख मागवणं. समीक्षणाचा दर्जा त्यांनी व्याख्येत मुद्दाम घेतला नाही, कारण तो बाहेरून तपासता येत नाही. तुम्हीही घेऊ नका. आणि जर्नलचं आजचं संकेतस्थळ पाहून निर्णय देऊ नका, वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात लेख छापला त्या महिन्याच्या आसपासची प्रत उघडा.

दुसरी घसरण २०२२ ची. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी प्रबंधापूर्वीच्या लेखाची सक्ती काढली. त्यानंतर परिशिष्टांतून लेखच दिसेनासे होतील आणि आलेखात बोगस जर्नलांत छापणं घटलं असं दिसेल. खरं म्हणजे तुमची मोजपट्टीच काढून घेतलेली असेल. म्हणून मालिका २०२२ ला थांबवा. तिमाहीवार आकडे ठेवलेत तर मे २०१८ आणि जून २०१९ हे दोन्ही वळणबिंदू वेगळे तपासता येतील. वार्षिक आकड्यांत ते एकमेकांत मिसळतात. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीच बंद केली आहे, तो तिसरा वळणबिंदू पुढच्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

तिसरं, घट खरी निघाली तरी ती माणसं गेली कुठे हे विचारा. हिंदावीच्या जर्नलांतून एकट्या २०२३ मध्ये ८,००० हून जास्त लेख मागे घेतले गेले, आणि ती जर्नलं नामांकित प्रकाशकाच्या मालकीची आणि डेटाबेसमध्ये नोंदलेली होती. बोगस जर्नलाचं गिऱ्हाईक कमी होऊन लेख विकणाऱ्या कारखान्यांचं वाढलं असेल तर त्याला सुधारणा म्हणायचं का, यावर एक पान लिहा. पुरावा नसताना ठाम विधान करू नका.

वेळ उरला तर गुजरातमधल्या विद्यापीठ ग्रंथालयांची संकेतस्थळं बघा. ‘थिंक, चेक, सबमिट’ ही २०१५ ची तपासयादी किंवा तसंच काही मार्गदर्शन तिथे आहे का, कुठून घेतलंय, आणि वेबॅकनुसार पहिल्यांदा कधी दिसलं. दोन दिवसांचं काम आहे, आणि संशोधन ग्रंथपालाच्या टेबलापर्यंत कसं पोचतं हे त्यातून दिसतं.

या सगळ्याच्या आधी, या आठवड्यातच एक अर्ज टाका, कारण त्याचा वेळ तुमच्या हातात नाही. माहिती अधिकाराच्या केंद्रीय पोर्टलवरून यूजीसीकडे, शुल्क १० रुपये. ‘यादीतून जर्नलं का काढली?’ असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण या कायद्याखाली दफ्तरी असलेले कागद मिळतात, स्पष्टीकरणं मिळत नाहीत. जर्नलविषयक स्थायी समितीच्या जानेवारी ते मे २०१८ मधल्या बैठकांची इतिवृत्तं, कार्यसूचीसोबतची टिपणं, त्यांना जोडलेली सहपत्रं आणि संबंधित फायलींवरचे शेरे यांच्या प्रती मागा. करंट सायन्समधला तो लेख सहपत्रांत निघाला तर तुमच्या हाती पहिल्या पायरीचा पुरावा आला. अर्ज ५०० शब्दांच्या आत ठेवा. प्रतींना पानाला २ रुपये पडतात. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अपिलाचा निकाल लागायला आणखी महिना-दीड महिना धरा. आज अर्ज गेला तर सगळं अडत-अडखळत झालं तरी कागद आरएसीच्या आधी येऊ शकतील. पुढच्या महिन्यावर ढकललंत तर सांगता येत नाही.